महाबोधी मंदिर, बोधगया

बिहार राज्याच्या गया जिल्ह्यातील बौद्धांचे सर्वांत पवित्र मंदिर. गया शहराच्या दक्षिणेस सु. ११ किमी. अंतरावर, निरंजना नदीच्या पश्चिम तीरावर ते उभे आहे. सिद्धार्थ गौतमास या ठिकाणी पिंपळाच्या झाडाखाली संबोधी प्राप्त झाली आणि तो ‘बुद्ध’ झाला, अशी बौद्धांची श्रद्धा आहे. लुंबिनी, सारनाथ व कुशीनगर यांबरोबर बोधगयेची गणना बौद्धांच्या चार प्रमुख तीर्थांत होते. भारतातील आजही पूजेत असलेल्या विटांच्या प्राचीन मंदिरांत या मंदिराचे स्थान अग्रगण्य आहे. मात्र हे मंदिर कोणा एका राजाने, एका काळी व एका योजनेनुसार उभारलेले नाही. सु. बावीसशे वर्षांत दूरदूरहून आलेल्या यात्रिकांनी त्याची स्थापना, वाढ, डागडुजी व रक्षण केले. त्यामुळे त्याचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या यात्रिकांचा इतिहास आहे. या स्थळावर अधिकार कोणाचा, हा आधुनिक काळात तीव्र झालेला प्रश्नही याच इतिहासातून निर्माण झाला आहे.

स्थान व नदी : निरंजना नदीस स्थानिक लोक ‘लीलाजन’ म्हणतात. हजारीबाग पठाराच्या प्रदेशातून उत्तरेकडे वाहत येणारी ही नदी बोधगयेच्या उत्तरेस मोहना नदीस मिळते आणि पुढे या संयुक्त प्रवाहास ‘फल्गू’ हे नाव प्राप्त होते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे हे पात्र वर्षाचा बराच काळ वाळूने व्यापलेले असते. थोडी वाळू उकरली की पाणी लागते. याच वैशिष्ट्यामुळे फल्गूस ‘अंतःसलिला’ म्हटले जाते व गयेच्या पितृतीर्थाच्या कथांमध्येही त्याचा उल्लेख येतो.

बौद्ध वाङ्‌मयात या परिसराचे नाव उरुवेला असे आहे. रमणीय वनराजी, स्वच्छ पाण्याची व उतारास सोयीची नदी आणि भिक्षेसाठी जवळच गाव, असे पाहून गौतमाने तपश्चर्येसाठी ही जागा निवडल्याचे वर्णन पाली ग्रंथांत आढळते. सहा वर्षांच्या कठोर देहदंडानंतर त्याने तो मार्ग सोडला व सुजातेने दिलेली खीर नदीकाठी ग्रहण केली. रिकामे सुवर्णपात्र त्याने नदीत सोडले आणि ते प्रवाहाच्या उलट दिशेने गेले, अशी कथा जातकांच्या निदानकथेत सांगितली आहे. सुजातेचे गाव म्हणून ओळखले जाणारे बकरौर हे नदीच्या पूर्व तीरावर असून तेथील मोठ्या विटांच्या स्तूपाचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने केले आहे. मंदिराच्या पश्चिमेस तारडीह येथे झालेल्या उत्खननात नवाश्मयुगापासून पालकाळापर्यंतच्या वस्तीचे थर उघडकीस आले. यावरून बुद्धाच्या कितीतरी आधीपासून या नदीकाठी मानवी वसती होती, हे स्पष्ट होते.

वृक्ष, आसन व कठडा : या स्थळाच्या पूजेचा मूळ विषय मंदिर किंवा मूर्ती नसून बोधिवृक्ष व त्याखालील आसन हा होय. येथील पहिला इतिहाससिद्ध यात्रिक सम्राट अशोक आहे. अभिषेकानंतर दहा वर्षांनी आपण संबोधीस गेलो आणि तेव्हापासून विहारयात्रांची जागा धर्मयात्रांनी घेतली, असे त्याने आपल्या आठव्या शिलालेखात नमूद केले आहे. ही घटना इ. स. पू. २६० च्या सुमाराची असावी. झाडाखालील वालुकाश्माचे ‘वज्रासन’ हे त्यावरील चकचकीत झिलई व नक्षी यांवरून मौर्यकालीन मानले जाते. संघमित्रेने या वृक्षाची फांदी श्रीलंकेस नेऊन अनुराधपूर येथे लावल्याची परंपरा प्रसिद्ध असून तेथील वृक्षाची पूजा आजही अखंड चालू आहे.

अशोकाच्या वेळी वृक्षाभोवती कशा प्रकारची वास्तू होती, याची कल्पना भारहूतच्या स्तूपावरील शिल्पावरून येते. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील या शिल्पात पिंपळाभोवती खांबांवर उभारलेले, वरून उघडे असे मजली बोधिगृह व त्यात आसन दाखविले असून शाक्यमुनीच्या बोधीचा निर्देश करणारा लेखही त्यावर कोरलेला आहे. या टप्प्यावर बुद्धाची मानवी रूपातील मूर्ती नव्हती. रिकामे आसन हेच त्याच्या उपस्थितीचे चिन्ह होते.

यानंतरचा महत्त्वाचा अवशेष म्हणजे दगडी कठडा. त्याचे जुने वालुकाश्माचे खांब सर्वसाधारणपणे इ. स. पू. पहिल्या शतकातील मानले जातात. पुढे वास्तूचा विस्तार झाला तेव्हा त्यांना ग्रॅनाइटच्या खांबांची जोड देण्यात आली. जुन्या भागावरील लेखांत इंद्राग्निमित्राची पत्नी कुरंगी व ब्रह्ममित्राची पत्नी नागदेवी या राजघराण्यातील स्त्रियांच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे अशोकानंतरच्या वास्तूच्या ज्या आश्रयदात्यांची नावे शिलालेखांतून निश्चित कळतात, त्यांत स्त्रियांना अग्रस्थान आहे. खांबांवर कमळे, जातककथांतील प्रसंग, गजलक्ष्मी व चार अश्वांच्या रथातील सूर्य कोरलेला आहे. मूळ खांबांपैकी पुष्कळसे आता संग्रहालयांत असून मंदिराभोवती काही ठिकाणी त्यांच्या प्रतिकृती बसविल्या आहेत.

शिखरयुक्त मंदिर : वृक्षाच्या पूर्वेस उंच शिखराचे मंदिर नेमके केव्हा झाले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पाटण्याजवळ कुम्राहार येथे सापडलेल्या खरोष्ठी लेखयुक्त मृत्फलकावर एक शिखरयुक्त मंदिर दाखविले आहे; परंतु ते बोधगयेचेच आहे, असे निश्चयाने म्हणता येत नाही. आजच्या मंदिराचा गाभा साधारणतः गुप्तकाळात, पाचव्या-सहाव्या शतकांत, सिद्ध झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते.

पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने येथील तीन विहारांचा उल्लेख केला आहे. सु. ६३७ मध्ये आलेल्या ह्यूएनत्संगचे वर्णन अधिक तपशीलवार आहे. निळसर विटांचे, चुन्याचा गिलावा केलेले, १६० ते १७० फूट उंचीचे, थरांथरांवर कोनाड्यांत सोनेरी मूर्ती असलेले आणि माथ्यावर आमलक धारण करणारे मंदिर त्याने पाहिले. आजच्या मंदिराशी हे वर्णन बव्हंशी जुळते. त्याने दिलेली उभारणीची कथाही लक्षणीय आहे. त्याच्या मते, अशोकाने येथे एक लहान विहार बांधला होता. पुढे महेश्वराच्या दोघा ब्राह्मण भक्तांना त्या देवतेचाच आदेश झाला आणि त्यांतील थोरल्या भावाने मोठे मंदिर बांधले, तर धाकट्याने तळे खोदले. ही कथा शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. पण सातव्या शतकात बौद्ध यात्रिकास मंदिराच्या मुळाशी शैव दाता असणे विसंगत वाटत नव्हते, एवढे तिच्यावरून निश्चित कळते.

त्याच ग्रंथात याच्या उलट बाजूही नोंदविली आहे. गौडाधिपती शशांकाने बोधिवृक्ष तोडून जाळला आणि मगधाच्या पूर्णवर्म्याने हजार गायींच्या दुधाचे सिंचन करून त्यास पुन्हा पालवी आणली, असे तो सांगतो. शशांकाने बुद्धमूर्ती हलवून तेथे महेश्वराची मूर्ती बसविण्याचा हुकूम दिला असता, त्याच्या अधिकाऱ्याने भीतीपोटी मूर्तीपुढे विटांची भिंत घालून आत दिवा ठेवला व भिंतीवर महेश्वराचे चित्र काढले, अशीही कथा त्याने दिली आहे. ह्यूएनत्संग हा हर्षाचा स्नेही व शशांक हा हर्षाचा शत्रू असल्याने ही हकिकत सावधपणेच वाचली पाहिजे.

परदेशी यात्रिक व त्यांचे लेख : बोधगयेस बाह्य जगाशी बांधणारा सर्वांत जुना धागा श्रीलंकेचा आहे. चौथ्या शतकात तेथून आलेल्या भिक्षूंना राहण्यास जागा मिळेना. त्यांनी परतल्यावर राजा मेघवर्ण याजकडे तक्रार केली. तेव्हा त्याने समुद्रगुप्ताकडे नजराणा पाठवून विहार बांधण्याची अनुमती मिळविली, असे एका चिनी वृत्तांतात म्हटले आहे. ह्यूएनत्संगच्या काळी हा महाबोधी संघाराम भरभराटीस आला होता. लंकेत जन्मलेल्या महानामन् नावाच्या भिक्षूने येथे बुद्धालय बांधल्याचा गुप्त संवत् २६९ चा (इ. स. ५८८) कोरीव लेख उपलब्ध आहे.

पालकाळात बोधगया पूर्व भारतातील बौद्ध जगाचे केंद्र बनले. या काळातील एक लेख स्थळाच्या मिश्र स्वरूपावर चांगला प्रकाश टाकतो : धर्मपालाच्या सव्विसाव्या राज्यवर्षी उज्ज्वल नावाच्या शिल्पकाराच्या केशव या पुत्राने महाबोधीच्या निवासी जनांच्या कल्याणासाठी चतुर्मुख महादेवाची स्थापना केली व तीन हजार द्रम्म खर्चून तळे खोदविले. अकराव्या शतकात चीनमधून आलेल्या भिक्षूंनी १०२२ व १०३३ मध्ये चिनी भाषेतील शिलालेख उभारले. ब्रह्मदेशातील पगानचा राजा चान्सित्था (कार. १०८४–१११२) याने मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी जहाजातून रत्ने व द्रव्य पाठविले. तेराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मी लोकांनी पुन्हा दुरुस्ती केल्याचा ब्रह्मी भाषेतील लेखही येथे मिळाला आहे.

यात्रिकांनी जाताना येथील वास्तुरूपही आपल्या देशी नेले. पगान येथील महाबोधी मंदिर (तेरावे शतक), थायलंडातील च्यांगमाई येथील वाट चेट योट (१४५५), पीकिंग येथील पाच शिखरांचे मंदिर (१४७३) व नेपाळमधील पाटणचे महाबौद्ध मंदिर ही त्याची ठळक उदाहरणे होत. मूळ मंदिर पडझडीस आले असता त्याची स्मृती या प्रतिकृतींनी परदेशांत जिवंत ठेवली.

ऱ्हासकाळ : बाराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या तुर्की आक्रमणांनंतर मगधातील विहारांना उतरती कळा लागली. १२३४ च्या सुमारास येथे आलेल्या धर्मस्वामी या तिबेटी भिक्षूने आपला अनुभव सांगितला आहे. त्या वेळी विहार ओस पडला होता व चारच भिक्षू मागे राहिले होते. त्यांनी मुख्य मूर्तीपुढील द्वार विटांनी बंद करून त्यास गिलावा केला, जवळ दुसरी मूर्ती ठेवली आणि बाहेरच्या दारावर महेश्वराची आकृती रेखाटली. त्याच रात्री सर्वांनी पलायन केले व धोका टळल्यावर ते परत आले. सहाशे वर्षांपूर्वीच्या ह्यूएनत्संगच्या कथेशी या प्रसंगाचे साम्य विस्मयकारक आहे. तेथे महेश्वराचे चित्र एका राजाच्या रोषापासून वाचण्यासाठी होते, येथे ते आक्रमकांपासून. परंतु दोन्ही वेळा मूर्ती वाचविण्याचा उपाय एकच होता.

बौद्धांमधील मतभेदही धर्मस्वामीने लपविले नाहीत. वज्रासनाच्या प्रांगणावर त्या वेळी सिंहली श्रावकांचे वर्चस्व होते. त्यांपैकी एकाने धर्मस्वामीच्या पाठीवरील महायान ग्रंथ पाहून तो नदीत फेकून देण्यास सुनावले. स्थळावरील अधिकाराचा प्रश्न केवळ दोन धर्मांमधील नव्हता, हे या लहानशा प्रसंगावरून ध्यानात येते.

पंधराव्या शतकानंतर बौद्ध यात्रिकांची ये-जा क्वचितच उरली. सु. १५९० मध्ये घमंडी गिरी हा दशनामी पंथाचा शैव संन्यासी नदीकाठी येऊन राहिला व त्याच्या परंपरेतील महंतांचा मठ हळूहळू मोठा जमीनदार बनला. पडीक मंदिर व त्याचा परिसर त्यांच्या ताब्यात आला. जुन्या कठड्याचे खांब मठाच्या बांधकामात गेले. त्याचबरोबर अनेक मूर्ती मठाच्या आवारात राहिल्याने वाचल्या. बुद्धास विष्णूचा नववा अवतार मानणारे व गयेस श्राद्धासाठी येणारे हिंदू यात्रिक बोधिवृक्षाखाली पिंडदान करीत. ही प्रथा आजही पितृपक्षात आढळते.

एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धार : १८११ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन येथे आला, तेव्हा त्यास मंदिर मोडकळीस आलेले आढळले, ब्रह्मदेशच्या राजाचे दूत काही वर्षांपूर्वी येऊन गेल्याचेही त्याने ऐकले. ब्रह्मी राजा मिंडॉन याने ब्रिटिश सरकारची परवानगी मिळवून १८७७ मध्ये दुरुस्तीचे काम सुरू केले. कामगार भक्तिभावाने, परंतु प्राचीन अवशेषांची तमा न बाळगता काम करीत असल्याचे दिसून आल्याने बंगाल सरकारने राजेंद्रलाल मित्र यांस पाहणीसाठी पाठविले. त्यांचा बुद्धगयेवरील ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८८० ते १८८४ या काळात अलेक्झांडर कनिंगहॅमच्या मार्गदर्शनाखाली जे. डी. बेगलार याने व्यापक जीर्णोद्धार केला. ढिगाऱ्यात सापडलेल्या मंदिराच्या एका लहान दगडी प्रतिकृतीच्या आधारे त्याने कोपऱ्यांवरील चार लहान शिखरे नव्याने उभारली. त्यामुळे आज दिसणारे बाह्यरूप कितपत प्राचीन व कितपत एकोणिसाव्या शतकातील, हा प्रश्न तेव्हापासून चर्चिला जात आहे. १८७६ मध्ये जुना बोधिवृक्ष वादळात उन्मळून पडला होता. त्याच्याच रोपापासून वाढलेला वृक्ष सध्या तेथे आहे.

अधिकाराचा वाद : एडविन आर्नल्ड याच्या द लाइट ऑफ एशिया (१८७९) या काव्यामुळे बुद्धचरित्राविषयी जगभर कुतूहल निर्माण झाले. १८९१ च्या जानेवारीत श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल बोधगयेस आले. मंदिराची उपेक्षा पाहून त्यांनी ते बौद्धांच्या हाती आणण्याचा निर्धार केला व त्याच वर्षी महाबोधी सभेची स्थापना केली. १८९५ मध्ये त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर बसविली असता महंतांच्या माणसांनी ती हलविली. गयेच्या दंडाधिकाऱ्याने त्यांस शिक्षा सुनावली. परंतु कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९२२ च्या गया काँग्रेसनंतर राजेंद्र प्रसाद यांनी या प्रश्नात लक्ष घातले व हिंदू-बौद्ध संयुक्त समितीची कल्पना पुढे आली.

स्वातंत्र्योत्तर काळात बिहार विधिमंडळाने बोधगया मंदिर अधिनियम, १९४९ संमत केला. त्यानुसार चार बौद्ध, महंतांसह चार हिंदू आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी अशी नऊ जणांची व्यवस्थापन समिती ठरली. प्रत्यक्ष कारभार २८ मे १९५३ रोजी तिच्याकडे आला. जिल्हाधिकारी हिंदू नसल्यास त्याऐवजी हिंदू अध्यक्ष नेमण्याची तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूर येथे केलेल्या धर्मांतरानंतर या प्रश्नास नवे परिमाण लाभले. तोवर मंदिराची मागणी करणारे प्रामुख्याने परदेशी बौद्ध होते. आता महाराष्ट्रातील नवदीक्षित बौद्ध मोठ्या संख्येने यात्रेस येऊ लागले. १९९२ मध्ये मंदिर पूर्णतः बौद्धांकडे सोपविण्यासाठी जे आंदोलन झाले, त्याचे नेतृत्व नागपूर ही कर्मभूमी मानलेले जपानी वंशाचे भिक्षू भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी केले. २०२५ च्या फेब्रुवारीत याच मागणीसाठी भिक्षूंनी बोधगयेत पुन्हा उपोषण आरंभिले. अल्पसंख्याक समाजास आपल्या सर्वोच्च तीर्थाचे व्यवस्थापन स्वतः करता यावे, हा बौद्धांचा मुख्य युक्तिवाद आहे. तर स्थळाशी असलेला दीर्घकालीन पूजासंबंध व ताबा हिंदू पक्ष पुढे मांडतो.

वर्तमान स्वरूप : मंदिराचे आवार भोवतालच्या जमिनीहून सु. ५ मी. खोल आहे. शतकानुशतके साचलेल्या मलब्यामुळे सभोवतालची पातळी वाढली आणि जीर्णोद्धारात मूळ पातळी पुन्हा मोकळी करण्यात आली. त्यामुळे यात्रिक पूर्वेकडील पायऱ्यांनी खाली उतरतो आणि सु. ५० मी. उंचीचे, वर निमुळते होत गेलेले शिखर समोर येते. गर्भगृहात भूमिस्पर्श मुद्रेतील, सोन्याचा मुलामा दिलेली पालकालीन काळ्या पाषाणाची मूर्ती पूर्वाभिमुख आहे. मंदिरास उजवी घालून पश्चिमेस गेले की बोधिवृक्ष व वज्रासन लागते. संबोधीनंतर बुद्धाने ज्या जागी सात आठवडे घालविले, त्या अनिमेषलोचन, रत्नचंक्रम, रत्नगृह इ. जागा आवारात दाखविल्या जातात. चंक्रमाच्या ओट्यावर बुद्धाच्या पावलांची खूण म्हणून दगडी कमळे आहेत. आवारात नवसाचे असंख्य लहान स्तूप विखुरले असून प्रत्येक स्तूप हा कोणा अनामिक यात्रिकाच्या आगमनाची नोंदच होय.

मंदिराचा समावेश २००२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. ७ जुलै २०१३ रोजी येथे बाँबस्फोट घडविण्यात आले. तथापि मंदिर व वृक्ष यांस इजा पोहोचली नाही. त्याच वर्षी थायलंडमधून आलेल्या सोन्याने शिखराचा माथा मढविण्यात आला. गावात तिबेट, चीन, थायलंड, जपान, भूतान इ. देशांच्या बौद्धांनी आपापल्या शैलीत विहार बांधले आहेत. हिवाळ्यात व वैशाख पौर्णिमेस यात्रिकांची गर्दी विशेष असते.

रिकाम्या आसनाभोवती प्रथम कठडा, मग मंदिर, मग विहार व शेवटी नगर अशी ही वाढ झाली. तिच्यात मौर्य सम्राट, राजस्त्रिया, सिंहली भिक्षू, शैव शिल्पकाराचा पुत्र, ब्रह्मी राजे, ब्रिटिश अभियंते व नागपूरचे बौद्ध या सर्वांचा वाटा आहे. ज्यांनी मंदिर राखले त्यांतील कित्येकांनी त्यावर हक्क सांगितला आणि ज्यांनी हक्क सांगितला त्यांनी बहुधा काही जतनही केले. व्यवस्थापनाच्या प्रश्नावर कायद्याने पुढे कोणताही निर्णय दिला, तरी वृक्षापर्यंत पोहोचण्याची यात्रिकाची वाट खुली राहणे, ही या स्थळाची पहिली गरज आहे. कारण येथील प्रत्येक वीट त्याच वाटेने आली आहे.